अकरा ठिकाणं आणि एक चहा

आरमोरी कुठे आहे हे मला २००१ सालच्या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. मग माझी कोल्हापूरहून तिथे, पार नागपूरच्याही पलीकडे, बदली झाली. ऑफिसातल्या महाराष्ट्राच्या नकाशावर आरमोरी सापडेना, कारण नकाशाचा तेवढा भाग फायलींच्या कपाटामागे गेला होता. कपाट सरकवायला दोन शिपाई आणि एक हेडक्लार्क लागले. यावरून अंतराचा अंदाज यावा.

मी एका महामंडळात वरिष्ठ सहायक होतो. महामंडळाचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते. बदली रद्द व्हावी म्हणून मी रीतसर अर्ज केला आणि 'तेथील हवामान मानवत नाही' असं कारण दिलं. पंधरा दिवसांनी मुंबईच्या मुख्य कार्यालयाचा शेरा आला : 'अर्जदाराने सदर हवामान प्रत्यक्ष अनुभवले आहे काय? असल्यास पुरावा जोडावा. नसल्यास मत कशाच्या आधारे बनविले ते नमूद करावे.' चोवीस वर्षं मी स्वतः लोकांच्या अर्जांवर असलेच शेरे मारत आलो होतो. ते इतके झोंबतात हे पहिल्यांदाच कळलं.

आमच्या शेजारी अण्णासो चौगुले राहतात. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या वेळा सोडून जगातली कुठलीही माहिती त्यांच्याकडे मिळते. ते म्हणाले, "बापूसो, अर्जानं कुणाचं भलं झालंय का? सायेबाला गाठा. सायेब न्हाय गावला तर सायबाच्या घरातलं माणूस गाठा."

आणि काय सांगू, माणूस आपणहून चालत आलं. जूनच्या पहिल्या शनिवारी मुख्य कार्यालयातले मेश्राम साहेब आढावा घ्यायला कोल्हापुरात येणार होते. बदल्यांच्या कागदावर शेवटची सही त्यांची. बरोबर त्यांच्या मातोश्री येणार होत्या, आणि साहेब मीटिंगमध्ये असताना मातोश्रींना दिवसभर कोल्हापूर दाखवायला कुणीतरी जाणता माणूस हवा होता. आमच्या मॅनेजरांनी हे वाक्य पुरं करायच्या आत मी खुर्चीवरून उठलो होतो.

साहेबांचा फोनही आला. "मगदूम, आईला गाव नीट दाखवा. तुमचा अर्ज माझ्याजवळ आहे. शनिवारी संध्याकाळी बघू." सगळं इतकं उघड होतं. आईला कोल्हापूर आवडलं तर मी कोल्हापुरात, नाही आवडलं तर कपाटामागे.

मी कामाला लागलो. ऑफिसच्या टाइपरायटरवर तीन कार्बन घालून 'एकदिवसीय कोल्हापूर दर्शन : वेळापत्रक व ठिकाणे' अशी यादी काढली. अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, चप्पल लाईन, खासबाग, टाऊन हॉल, न्यू पॅलेस असं करत करत पन्हाळा, जोतिबा आणि शेवटी रंकाळ्यावर भेळ. एकूण अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ, आणि शेवटी 'अभिप्राय' म्हणून मोकळी जागा.

ती यादी मी मोठ्या अभिमानाने आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवली. विजयमाला भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "ह्यातलं तुमी काय काय बघितलंय?"

"म्हणजे काय? मी जन्मलो इथे!"

"ते ठावं हाय. न्यू पॅलेस आतनं बघितलाय का?"

आता खरं सांगायचं तर न्यू पॅलेस मी आतून बघितला तो चौथीत, शाळेच्या सहलीत, आणि त्यातला निम्मा वेळ सरांनी मला बाहेर उभं केलं होतं. टाऊन हॉलच्या म्युझियमवरून मी रोज सायकलने जात होतो. पण आत जायला माणसाला काहीतरी कारण लागतं. ते कधी पडलं नाही.

"लग्नात म्हणला होता, रविवारी न्यू पॅलेस दावतो," विजयमाला म्हणाली. "एकवीस वर्षं झाली. शनवारी मीबी येणार." मी तिला सरकारी दौरा म्हणजे काय हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि जरीकाठाचं पातळ उन्हात टाकलं.

एवढ्यात अण्णासोंनी कुंपणावरून यादी वाचली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "मेश्राम सायेब बौद्ध हायत न्हवं? मग म्हातारीला पैलं देवळात न्हेणार व्हय? राग आला तर?" मी देऊळ खोडलं. दहा मिनिटांनी ते परत आले. "खोडलंसा? आनि 'आम्हाला देवळात का न्हेलं न्हाय' म्हणाल्या तर? ते तर लई वंगाळ!" मी देऊळ परत घातलं. शुक्रवारी रात्रीपर्यंत देऊळ चार वेळा आत-बाहेर झालं. मी जैन, पाहुण्या बौद्ध, देवी अंबाबाई आणि सल्लागार अण्णासो. शेवटी मी देवळासमोर 'ऐच्छिक' असं लिहिलं आणि झोपलो.

गाडीचं वेगळंच. ऑफिसची जीप मिळवायला तीन सह्या लागतात. दोन मिळाल्या. तिसरी सही ज्या खुर्चीची, ती खुर्ची रिकामी होती, कारण त्या माणसाचीही बदली झाली होती. मग उचगावच्या सयाजीची मारुती व्हॅन ठरवली. सयाजी एकेकाळी कुस्त्या खेळायचा. आता शाळेच्या पोरांची ने-आण करतो. व्हॅनच्या मागच्या सीटखाली कुणाचा तरी एकच बूट आणि डब्यातली अर्धी पोळी निघाली. व्हॅन मी शनिवारी पहाटे स्वतःच्या हाताने साफ केली, बूट तेवढा मालक भेटेपर्यंत सीटखालीच ठेवला. आरमोरीसाठी माणूस काय काय करतो, म्हणजे आरमोरी टाळण्यासाठी.

बरोबर आठ वाजता आम्ही विश्रामगृहावर हजर झालो. बनाबाई मेश्राम पायरीवरच बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, पांढरं स्वच्छ लुगडं, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, हातात कापडी पिशवी. मी नमस्कार करून यादी त्यांच्या पुढे धरली आणि अकराही ठिकाणं वेळेसकट वाचून दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"हाव, हे सारं पाहीन मी," त्या म्हणाल्या. "पण पहिले मले ते चहाचं हॉटेल दाखवा भाऊ."

"कुठलं?"

"जिथं तुमच्या शाहू महाराजानं चहा पेला ते. माहा बाप सांगे. आमच्यातल्याच एका माणसाले महाराजानं हॉटेल काढून द्याले लावलं, अन् कोणी तिथं पाणी बी पेत नव्हतं तं महाराज सोता गाडी थांबवून चहा पेले. मी लहान होती तवाची ऐकून राहिली. कोल्हापूरले गेली का पहिले तिथंच चहा पेईन, असं बापाले सांगितलं होतं मी."

ही गोष्ट मीही ऐकली होती. कोल्हापुरात कोणी ऐकली नाही? पण ते हॉटेल नेमकं कुठे होतं, हे माझ्या सात पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं. या जागी एखादा पुण्याचा, सांगलीचा माणूस असता तर म्हणाला असता, माहीत नाही बुवा. आमच्या गावात ते चालत नाही. कोल्हापूरकराला कुणी पत्ता विचारला तर तो सांगतोच. माहीत असेल तर बसल्या जागी सांगतो आणि माहीत नसेल तर उठून, हाताला धरून, बरोबर येऊन सांगतो. म्हणून मीही छाती पुढे काढून म्हणालो, "त्यात काय! ते आपल्या रोजच्या वाटेवरच आहे की." विजयमालाने माझ्याकडे बघितलं. मी सयाजीकडे बघितलं. सयाजीने गाडी सुरू केली.

"भाऊसिंगजी रोडला घे," मी हळूच म्हणालो, कारण तेवढं कुठेतरी वाचलेलं आठवत होतं.

भाऊसिंगजी रोडला सयाजीने पहिल्याच पानपट्टीपाशी गाडी थांबवून आरोळी ठोकली, "वो मालक, महाराजांनी च्या पिलेलं हाटेल कुटं हाय?"

"हे काय हितंच!" पानपट्टीवाल्याने शेजारच्या हॉटेलाकडे हात केला. आत गेलो. मालकाने आज्जींना पंख्याखालची खुर्ची दिली, फडक्याने दोनदा पुसली. "बसा आज्जी. ह्याच जाग्यावर महाराज बसलेते." चहा आला. बनाबाईंनी कप हातात घेतला, डोळे मिटले. मी सुटलो. यादीपेक्षा फक्त वीस मिनिटं उशीर. इतक्यात विजयमालाने गल्ल्यामागची पाटी मोठ्याने वाचली : 'स्थापना १९७४'.

"त्ये पाटीचं हाय," मालक जराही न डगमगता म्हणाला. "हाटेल जुनं, पाटी नवी." पण चुलीपाशी भजी तळणाऱ्याने तेवढ्यात तोंड उघडलं. "मालक, ते न्हवं, ते पल्याडच्या गल्लीत. माझा आज्जा सांगत हुता." दोघांची जुंपली. बनाबाईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "चला, तिकडे बी पेऊन पाहू."

पल्याडच्या गल्लीत एक सायकलचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "व्हय, हीच जागा. हाटेल मोडलं, दुकान झालं." तुम्ही फक्त जागा दाखवा, असं मी म्हणून बघितलं. पण पाहुणीला नुसती जागा दाखवून सोडायची म्हणजे त्याच्या घराण्याची शोभा. त्याने समोरून चहा मागवला. तो संपेपर्यंत समोरचा चहावाला स्वतः किटली घेऊन आला आणि म्हणाला, "ह्येच्या नादाला लागू नगा. महाराज माज्या पणज्याकडंच पीत हुते." हा तिसरा चहा. पैसे कोणीच घेईना. एकाने तर मी खिशात हात घातल्यावर असा चेहरा केला की मी हात तसाच खिशात ठेवून दिला.

अकरा वाजता आम्ही पाचव्या चहावर होतो आणि यादीतलं एकही ठिकाण झालं नव्हतं. तेव्हा मला एक शासकीय कल्पना सुचली. एका कचेरीत जुनी नोंदणी-बाडं ठेवलेली असतात, तिथे जाऊन विचारू. खिडकीतल्या माणसाने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि कागद पुढे केला. "अर्ज करा."

"अहो, नुसतं तोंडी सांगा."

"तोंडी देता येत न्हाय. हेतू लिवा."

मी लिहिलं, 'चहा पिणे.' त्याने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग म्हणाला, "ह्यो हेतू आमच्याकडं बसत न्हाय. आनि संबंधित सायेब मीटिंगला गेल्यात. सोमवारी या." मी कागद परत घेतला. शब्दन् शब्द माझाच होता, फक्त आज मी खिडकीच्या उलट्या बाजूला उभा होतो. बाहेर आलो तर त्याच कचेरीच्या शिपायाने आज्जींना बाकावर बसवून सहावा चहा पाजला होता.

गाडीत बसल्यावर बनाबाईंनी मायेनं विचारलं, "भाऊ, तुमची काही बदली झाली म्हणे? पोरगा सांगत होता."

हीच ती वेळ, असं वाटून मी मन मोकळं केलं. मुलगा बारावीला आहे, विजयमालाचे गुडघे दुखतात, इथपासून सुरुवात केली. मग आरमोरीवर आलो. तिथे नुसतं जंगल, वाघ दारात येतात, उन्हाळ्यात पाखरं झाडावरून पडतात, माणसं राहतात की नाही कुणास ठाऊक, आणि राहत असली तर कशाला, असं बरंच काही. हे सगळं मला अण्णासोंनी सांगितलं होतं. त्यांनी आरमोरी पाहिली नव्हती. 

"हाव," बनाबाई म्हणाल्या. "माहेर हाय माहं ते."

सीटखालचा तो एकटा बूट कुणाच्या तरी पायाने सरकला. विजयमालाने कपाळाला हात लावला. सयाजीने उगीचच हॉर्न वाजवला. मी म्हणालो, "नाही म्हणजे, वाघ चांगलेच असतात..." आणि थांबलो, कारण या वाक्याला पुढे कुठे जाता येत नव्हतं.

दुपारी एकपर्यंत बातमी आमच्या पुढे पळायला लागली होती. नागपूरकडची एक आज्जी महाराजांचा चहा शोधत्यात, हे साऱ्या रस्त्याला समजलं होतं. आम्ही गाडी थांबवायच्या आधीच माणसं थांबवायला लागली. एकाने आपल्या नव्वदीच्या आक्काला खुर्चीसकट उचलून साक्षीला आणलं. आक्कांना ऐकू येत नव्हतं, पण काहीही विचारलं की त्या "व्हय व्हय" म्हणत होत्या, त्यामुळे प्रत्येक हॉटेलवाल्याला त्या आपल्याच वाटल्या. मग दोन पेठांतल्या दोन तालमींची पोरं जमली. एक तालीम म्हणे हॉटेल आमच्या बाजूला, दुसरी म्हणे आमच्या. रस्त्याच्या मधोमध एक टेबल आलं, त्यावर चार ठिकाणचे चार कप आले, आणि वाहतूक पार खोळंबली. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला, प्रकरण काय म्हणून विचारलं, आणि शिट्टी खिशात घालून म्हणाला, "दोघंबी चुकताय. ते माज्या सासऱ्याच्या बोळात हुतं."

माझी अवस्था कुणी विचारू नका. नऊ चहा पोटात, बाराचं जेवण नाही, जवळपास स्वच्छतागृह नाही, आणि सगळी गर्दी माझ्याकडे बोट दाखवून विचारत होती, "ह्ये कोल्हापूरचं हायत न्हवं? ह्यास्नी म्हाईत न्हाय?" चोवीस वर्षांची नोकरी आणि बेचाळीस वर्षांचं कोल्हापूर त्या टेबलावर चव्हाट्यावर आलं होतं. मी बनाबाईंच्या खुर्चीपाशी खाली वाकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य बोललो. "आई, मला माहीत नाही. सकाळपासून माहीत नव्हतं."

"मले समजलं होतं बाप्पा," त्या म्हणाल्या. "तुमी 'रोजच्या वाटेवर' म्हटलं तवाच."

मग त्या उठल्या. खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या, तशी तालमीची पोरं गप्प झाली. "पोराहो, भांडू नका," त्या म्हणाल्या. "माहा बाप सांगे, त्या हॉटेलात एक माणूस चहा करून बसे अन् कोणी पेत नव्हतं. महाराजाले तिथं जाऊन पेवा लागला, तवा लोक पेले. आज सकाळपासून या गावात जो तो माह्या हाताले धरून म्हणून राहिला, आमच्याच इथं पे, आमच्याच इथं पे. भांडून राहिले तुमी त्याच्यासाठी. मले आता ती जागा नाई सापडली तरी चालते. बापाले सांगाले एवढं लय झालं."

 त्या दोन तालमींतल्या एका दांडग्या पोराने मान खाली घातली आणि गंजीफ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं. मलाही भरून आलं. मी रोज त्या रस्त्याने ऑफिसला जात होतो. मग बनाबाईंनी टेबलावरच्या चारही कपांतला एकेक घोट घेतला, कुणाचं मन मोडू नये म्हणून, आणि मी पोलिसाच्या सासऱ्याच्या बोळाकडे पळत सुटलो, कारण तिथे स्वच्छतागृह आहे असं कळलं होतं. हा पत्ता मात्र बरोबर निघाला.

संध्याकाळी विश्रामगृहावर साहेब वाट बघत होते. हातात माझी यादी होती. 'अभिप्राय' कोरा होता. "आई, काय काय पाहिलं?"

"काईच नाई," बनाबाई म्हणाल्या.

"अकरापैकी एकही नाही?"

"एक बी नाई."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मनातल्या मनात मी भांडी बांधायला काढली. कपाट सरकवलं. आरमोरीच्या वाघाला नावं ठेवल्याबद्दल त्याची माफीही मागितली.

"पण या माणसाले बदलू नको रे," बनाबाई पिशवी आवरत म्हणाल्या. "ह्याले आपलंच गाव नाई माहीत अजून. आमच्या आरमोरीले येऊन काय करन हा? ऱ्हाऊ दे इथंच. पाहून घेऊ दे पहिले."

साहेब इतके हसले की विश्रामगृहाचा खानसामा धावत आला. सोमवारी बदली रद्द झाल्याचा कागद आला. त्यावर कारण 'प्रशासकीय सोय' असंच होतं. पण खरं कारण मॅनेजरांनी स्टाफला चहाच्या वेळेला सांगितलं, नक्कल करून, दोनदा. अण्णासोंनी ते उरलेल्या गल्लीला सांगितलं. बेचाळीस वर्षं कोल्हापुरात काढून मी कोल्हापुरात राहिलो तो एका आरमोरीच्या बाईने मला अजून कोल्हापूर कळलं नाही असं प्रमाणपत्र दिल्यामुळे. अपमान म्हणावा तर बदली टळली होती, आणि उपकार म्हणावे तर ऑफिसात वर बघता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी विजयमालाने जरीकाठाचं पातळ नेसलं, माझी यादी पर्समध्ये टाकली आणि दारात उभी राहिली. "चला. पैलं न्यू पॅलेस." मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

न्यू पॅलेसच्या तिकिटाच्या खिडकीत बसलेला माणूस गप्पिष्ट निघाला. तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "पैल्यांदाच आलासा जणू? कुटनं आलाय पावणं?"

मागे रांग होती. रांगेत आमच्या गल्लीतले दोघे होते. विजयमाला पदराआड हसत होती. मी खाकरून घसा साफ केला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "आरमोरीहून."

"आरारारा!" तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. "लई लांबनं आलासा की! थांबा, चहा घेऊनच जावा."